टेबलाशेजारची पायरी

मी एक जुनी लाकडी पायरी आहे. मित्रांनो, बायकांच्या दवाखान्यात तपासणीचं टेबल उंच असतं. त्यावर चढता यावं म्हणून एका सुताराने मला घडवलं. "पोटुशी बाई चढणार आहे, जराही डगमगता कामा नये," असं डॉक्टरबाईंनी त्याला बजावलं होतं. त्याने माझा एकेक सांधा ठोकून पाहिला आणि मग स्वतःच माझ्यावर चढून दोन उड्या मारल्या.

पडद्याआड मला चेहरे फारसे दिसत नसत. मी माणसं पावलांवरून ओळखायचे. शाळेचे मोजे घातलेली बावरलेली पावलं, नवव्या महिन्यात सुजलेली पावलं, आजीबाईंची भेगाळलेली पावलं. प्रत्येकीला डॉक्टरबाई आधी विचारत, "काय त्रास होतोय? लाजू नकोस, इथे आपणच आहोत."

एक शिंपीणबाई मला पक्की आठवते. मशीन चालवून तिच्या उजव्या तळव्याला घट्टा पडला होता. पहिल्यांदा आली तेव्हा लेक पोटात होती. बाळंतपण झालं आणि बाई जी गायब झाली, ती सतरा वर्षांनी उगवली. तीही लेकीसाठीच. पाळीच्या दिवसांत पोरगी कळवळायची, शाळा बुडायची.

"लग्न झालं की थांबेल, असं सगळ्या म्हणतात," शिंपीणबाई म्हणाली.

"म्हणू देत. आपण कारण शोधू," डॉक्टरबाई म्हणाल्या. लेकीला तपासून झाल्यावर त्यांनी सहज विचारलं, "आणि तुमचं काय?"

"माझं कसलं? पाच वर्षं झाली बंद होऊन. सुटले एकदाची! मध्ये जरा डाग दिसले, तेवढंच."

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. "पाळी गेल्यावर पुन्हा डाग दिसणं बरं नव्हे. चढा टेबलावर."

"अहो, मी कुठे? मशीनवर कपडे तसेच पडलेत."

"आई, चढ," लेक म्हणाली.

घट्ट्याचं ते पाऊल माझ्यावर टेकलं, मागे गेलं आणि पुन्हा टेकलं.

पुढच्या तपासण्यांत गर्भाशयाचा कर्करोग निघाला, पण अगदी सुरुवातीचा. मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. तीन महिने मशीन बंद होतं. घर लेकीने सांभाळलं; तिच्या दुखण्यालाही औषधाने उतार पडला होता. मग एका सकाळी शिंपीणबाई दाखवायला आली आणि माझ्यावर एका दमात चढली.

"बाई, लेकीच्या दुखण्याने मला वाचवलं हो!"

"दुखण्याने नाही. तुम्ही बोललात, म्हणून वाचलात," डॉक्टरबाई म्हणाल्या.

आता बटणावर खालीवर होणारं टेबल आलंय. डॉक्टरबाई निवृत्त झाल्या. मी अडगळीच्या खोलीत असते, अंगावर जुन्या फाइलींचा गठ्ठा घेऊन. त्या पावलांची फार आठवण येते.

मित्रांनो, मला पुसा, रंग लावा, असं मी म्हणणार नाही. तुमच्या घरी आई असेल, आत्या, ताई, आजी असेल. सगळ्यांच्या औषधांच्या वेळा तिला पाठ असतात. तिला एकदा जवळ बसवून विचारा, "तुझी तब्येत कशी आहे?"

"मला काय धाड भरलीय!" असं ती म्हणेल.

तरी उठू नका. पुन्हा विचारा.