राणीसाहेबांच्या गळ्यातली घंटी

मित्रांनो, बोराएवढी, पितळेची, एका कडेला पोचा आलेली ही जुनी घंटी दिसते आहे ना? तीच मी. त्या दुपारची आठवण झाली की आजही माझ्या पोटातला खडा जागच्या जागी गोठतो.

ज्या कारागिराने मला ओतले, त्याने कानाशी हलवून पाहिले आणि तो म्हणाला, "व्वा! काय गोड सूर लागलाय!" देवा, सूर दिलास, आता ऐकणारे कान दे, एवढेच मी मागितले. कान मिळाले तेही कुणाचे! चपट्या नाकाच्या, निळ्याशार डोळ्यांच्या, पांढऱ्याशुभ्र पर्शियन मांजरीचे. बाबांनी तिची सात पिढ्यांची वंशावळ विचारून तिला घरी आणले, मला लाल पट्ट्यात ओवून तिच्या गळ्यात बांधले. "डोळे बघा, डोळे!" येईल त्याला ते सांगत.

मांजरांना घंटीचा वैताग येतो म्हणतात. हिने एकदाही मान झटकली नाही. मी फुलून गेले. हिला माझे गाणे आवडते!

घरच्यांना मात्र ती आवडेनाशी झाली. हाक मारली तर वळूनही बघेना. आई हात जोडून म्हणे, "राणीसाहेब, कृपा करा, जेवायला चला." आजोबा हसत. "खानदानी आहे बाई! आपल्यासारख्यांशी बोलत नाही." मग एकदा ताईने तिला पाठीमागून उचलले. तिने दचकून ताईचा हात ओरबाडला. रक्त पाहून बाबांचा पारा चढला.

"बास झाली हिची मिजास! उद्या जिथून आणली तिथे परत."

दुसऱ्या दुपारी तिला न्यायची टोपली दाराशी ठेवलेली होती. ती आजोबांच्या खुर्चीतल्या जाड उशीवर झोपली होती. तेवढ्यात शेजारच्या ओट्यावर ताटांची अख्खी चळत कोसळली. बाप रे, काय तो आवाज! ताई किंचाळली. कानातले यंत्र काढून पडलेले आजोबासुद्धा उठून बसले. आणि ती? तिचा कानसुद्धा हलला नाही.

"गेली की काय गं ही?" आई खुर्चीकडे धावली.

गेली नव्हती. मी तिच्या श्वासावर डोलत होते. आजोबांनी यंत्र कानात घातले आणि तिच्यामागे टाळी वाजवली. काही नाही. मग उशीवर हलकेच थाप मारली. तिने लगेच डोळे उघडले.

"अरे, कसली मिजास!" आजोबा म्हणाले. "ही तर माझ्याही वरताण आहे. ठार बहिरी!"

बाबा तिच्यासमोर खाली बसले. "मी नुसते डोळेच बघत राहिलो."

"म्हणजे काल ती घाबरली होती," ताई रडू लागली.

आणि मी? इतके दिवस मी कुणासाठी वाजत होते?

"घंटी काढून टाकू का?" आईने विचारले.

"राहू दे," आजोबा म्हणाले. "आपण कुठे आहोत ते तिला कळत नाही. ती कुठे आहे ते तरी आपल्याला कळू दे."

बाबांनी टोपली माळ्यावर टाकली. आता तिच्याजवळ जाताना सगळे आधी जमिनीवर पाय आपटतात. मित्रांनो, हाकेला ओ न देणाऱ्यावर रागावण्याआधी एकदा त्याच्यासमोर जाऊन बसा. मुक्या जिवाला एवढी माया पुरते. माझा सूर तिला कधीच कळणार नाही. पण ती गुरगुरू लागली की मी तिच्या गळ्याशी थरथरते. ती डोळे मिटते, आणि मला वाटते, देवाने माझे मागणे ऐकले.