ज्याचं कुलूप, त्याचीच चावी

हॉटेलच्या तळघरातल्या सभागृहात विद्युत सुरक्षा आणि ऊर्जा तंत्रज्ञानाची कार्यशाळा दरवर्षी भरते. दरवर्षी तीच कापडी पिशवी, तेच न उमटणारं पेन आणि पत्रिकेत शेवटच्या सत्रात दादांचं भाषण. दादा म्हणजे कार्यशाळा चालवणाऱ्या सरांचे थोरले मेहुणे. उपकेंद्रात हयात घालवून निवृत्त झालेले इंजिनिअर. दरवर्षी आधीचे वक्ते लांबतात आणि दादांचं भाषण 'वेळेअभावी' पुढच्या वर्षावर जातं.

यंदा मात्र पुढच्या वर्षाचा भरवसा नव्हता. सोमवारी दादांच्या गळ्याचं ऑपरेशन होतं. आवाज राहील का, असं विचारल्यावर डॉक्टर "बघू" म्हणाले होते. जन्मभर नोकरी केलेल्या माणसाला 'बघू'चा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. सरांच्या बायकोने नवऱ्याला बजावलं, "या वेळी माझ्या भावाला बोलू दिलं नाहीत, तर घरी येऊ नका." सरांनी ताबडतोब दादांना जेवणानंतरचं पहिलं सत्र दिलं. त्या वेळी श्रोते डुलक्या घेतात, पण निदान खुर्चीत असतात.

दादांना एकच गोष्ट सांगायची होती. विजेच्या कामात शिस्त अशी, की कामावर जाणारा माणूस स्विच पाडून वीज बंद करतो, त्यावर स्वतःचं कुलूप घालतो आणि चावी खिशात ठेवतो. ते कुलूप दुसऱ्याने काढायचं नाही. दादांचा जोडीदार तारेवर असताना खाली कुणीतरी "विसरून गेलेला दिसतोय" म्हणत त्याचं कुलूप कापलं होतं.

सकाळच्या सत्रात सर हीच शिस्त शिकवत होते. प्रात्यक्षिकाचा बोर्ड आणायचा राहून गेला होता. "खोटा बोर्ड हवाय कशाला? खऱ्यावरच दाखवतो!" असं म्हणत सरांनी सभागृहाचा मुख्य स्विच पाडला, त्यावर आपलं लाल कुलूप घातलं आणि आपल्या हसऱ्या फोटोची पाटी लटकवली : 'मी काम करतो आहे. माझा जीव तुमच्या हाती.' अंधारात टाळ्यांचा कडकडाट झाला. मोबाइलच्या उजेडात मंडळी जेवायला गेली. सरांना गावाच्या दुसऱ्या टोकाला एका परिसंवादात व्यासपीठ भूषवायचं होतं आणि गाडी दाराशी उभी होती. सर गेले. त्यांच्या खिशातून चावीही गेली.

जेवून परतल्यावर सगळ्यांच्या ते लक्षात आलं. सरांचा फोन बंद होता, कारण व्यासपीठावरच्या माणसाने तो बंदच ठेवायचा असतो. हॉटेलचा मॅनेजर कटर घेऊन आला.

"हे काय, चुटकीसरशी तोडतो."

"हात लावू नका!" कार्यशाळेला आलेले सगळे सुरक्षा अधिकारी एकदम ओरडले. प्रशिक्षण यशस्वी झालं होतं.

"अहो, पण कामावर कुणीच नाहीये ना!"

"त्या दिवशीही असंच म्हणाले होते," दादा म्हणाले.

"दादा, भाषण तुमचं आहे," एक जाडजूड अधिकारी घाम पुसत म्हणाला. "तुम्ही म्हणाल तर कापू."

दादांनी कटरकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "कुलूप दाजींचं आहे," ते म्हणाले. "येतीलच ते."

माइक नव्हता, पडदा काळा होता आणि दादांचा आवाज पहिल्या रांगेपलीकडे पोचत नव्हता. तळघर तापायला लागलं. कुठे खुर्ची सरकली की दादा सगळा जोर लावून म्हणायचे, "थांबा हो, येतीलच दाजी!" बाहेर प्रमाणपत्रांच्या टेबलावर भरपूर उजेड होता. एकेक जण दादांचा हात हातात घेऊन "पुढच्या वर्षी नक्की" म्हणत तिकडे सरकला.

सर परतले तेव्हा कुलूप घातलेल्या स्विचजवळ टॉर्च घेऊन दादा एकटेच बसले होते.

"दादा! अहो, कापायचं नाही का सरळ? माझंच तर होतं!"

"तुमचा फोटो होता, दाजी." दादांचा आवाज कुजबुजीवर आला होता. "खाली लिहिलं होतं, जीव माझ्या हाती."

सरांनी कुलूप काढलं. दिवे लागले, एसी घरघरला आणि थोड्या वेळाने पडद्यावर दादांचं पहिलं चित्र उमटलं : खांबाला टेकलेला, टोपी तिरकी घातलेला एक तरुण, कॅमेऱ्याकडे बघून हसणारा. सरांनी पहिल्या रांगेतली खुर्ची ओढली.

"सांगा दादा. मी ऐकतोय."

दादांनी घसा खाकरला, तोंड उघडलं. नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला. मग खुणेनेच 'राहू दे' म्हणाले. मागे रिकाम्या खुर्च्या, त्यांच्यावर विसरलेल्या पिशव्या. सर कुलूप हातात घेऊन बसून राहिले.

"घरी काय सांगू?" शेवटी त्यांनी विचारलं.

दादांनी विचार केला, आणि उरलासुरला आवाज गोळा करून म्हणाले,

"सांगा, वेळेअभावी."