मड्डमच्या फटीतला कापूस

मड्डमला खाडीत उतरवून आठवडा होत आला होता आणि आज सकाळी तिच्या पोटात पाण्याचा टिपूस नव्हता. हुसेन होडेकर राजिवड्याच्या धक्क्यावर दिसेल त्याला हे सांगत सुटले होते. त्यांची लेक मासूमा मात्र आत तळाशी कान देऊन बसली होती. तिला काहीतरी खटकत होतं.

मड्डम म्हणजे बाई नव्हे हो, होडी. विलायतेत खास शर्यतीसाठी बांधलेली, त्याला सव्वाशेच्या वर वर्षं झाली. अंगानं सडपातळ, चालीनं उर्मट. तिकडे बक्षिसं मारली, मग कुणा साहेबानं मुंबईला आणली, तिथंही भल्याभल्यांना मागं टाकलं. साहेब गेले नि हिचे दिवस फिरले. हुसेनच्या आज्यानं ती घेतली, डोलकाठी आखूड केली आणि तिच्यात चक्क कौलं भरली. पुढं ती नुसतीच किनाऱ्यावर पडून राहिली. आता तिथं खाडीकाठी भिंत येणार होती, म्हणून काठाशी काही ठेवायचं नव्हतं. आज भरतीला मुंबईच्या एका होडी-क्लबाची लाँच तिला ओढून नेणार, नाहीतर उद्या जेसीबी तिचं सरपण करणार. तिसरा रस्ता नव्हता.

टक्.

मासूमानं बॅटरी मारली. तांब्याचा एक खिळा तुटून पडला होता आणि तिथली फळी बरगडी सोडून बाहेर फुगली होती. पुन्हा टक्. शेजारच्या बरगडीवर बारीक चीर धावली.

"अब्बा, खाली या."

हुसेन आले आणि फुगलेल्या फळीवर तळहात ठेवला. जन्मभर त्यांनी सागाच्या होड्या केल्या. साग पाण्यात जेमतेम फुगतो, म्हणून फळ्यांच्या फटींत कापूस ठासून भरायचा, ही त्यांच्या हाताची सवय. पण मड्डमच्या फळ्या विलायती पाइनच्या. उन्हात सुकून आखडलेल्या फळ्या आता पाणी पिऊन फुगत होत्या आणि फटीत जागा कुठली? तिथं हुसेनच्या लाकडी मोगरीनं ठोकून ठोकून कापसाचा दगड केला होता, म्हणून फळ्यांचा सगळा जोर बरगड्यांवर येत होता.

"निघायचं का?" वरून क्लबाच्या श्रद्धाताईंनी विचारलं. "भरती चढतेय."

गप्प बसावं, असं मासूमाला वाटून गेलं. दोर बांधावा, जाऊ द्यावी. मुंबई सोडा, जयगडच्या आत ती फुटली असती. पण इथं धक्क्यावर अब्बांना कुणी हसलं नसतं.

"मी ठोकलेला कापूस आजवर कुणी उपटलेला नाय गो," हुसेन म्हणाले. मग खाली बघत म्हणाले, "चुकलं माझं."

हे शब्द घरात कुणीच ऐकले नव्हते. मासूमाला माया नाही, रागच आला. "मग दोर धरा," ती म्हणाली.

दोघांनी मड्डमला किनाऱ्याजवळच्या चिखलावर ओढून घेतलं. मासूमा आकडा घेऊन छातीभर पाण्यात उतरली आणि फटीतला कापूस उपटायला लागली. पाणी भसाभसा आत शिरलं. धक्क्यावर कुणीतरी म्हणालं, "बुडवली की स्वतःच्या हातानं."

मड्डम हळूहळू बसली. टकटक थांबली.

श्रद्धाताईंचा चेहरा उतरला. "फुटलेली असती तर दुरुस्त केली असती. बुडालेली नेऊ कशी?" बिचारी खरंच हळहळली. पण भरती कुणासाठी थांबत नाही. लाँच गेली आणि मासूमा तिथंच पाण्यात उभी राहून रडली.

हुसेन कपड्यानिशी तिच्याजवळ उतरले. सगळी बाजू हातानं चाचपून आले.

"एक चीर सोडली तर बरगड्या शाबूत आहेत. फळ्या फुगायच्या तेवढ्या फुगल्या, आता फट दिसेल तेवढाच कापूस. ओहोटीला ठोकायचा, भरतीला थांबायचं. आणि मोगरी तू धर, माझा हात जड आहे."

"उद्या जेसीबी येणार अब्बा."

"येऊ दे. मी आत बसलेला असेन."

आणि हुसेन होडेकर बोलतात तसे वागतात, हे राजिवड्यात सगळ्यांना ठाऊक होतं.