गाण्यातल्या पोरीचं नाव

ऑपरेशनच्या कागदावर वडिलांची सही झाली होती, आईची राहिली होती. त्या इस्पितळात लहान मुलांसाठी दोघांच्याही सह्या लागत, आणि बटाणीची (हे तिचं घरातलं लाडाचं नाव) आई पेनाला हात लावायला तयार नव्हती. आधी मुलीचं नाव बदला, मग सही करते, हे एकच वाक्य तिने सकाळपासून लावून धरलं होतं.

शेवटी बटाणीच्या बापाने आपल्या मोठ्या बहिणीला कचेरीत फोन केला. "ताई, नाव तू ठेवलंस. आता तूच ये आणि निस्तर," तो म्हणाला. उभ्या जन्मात तो तिच्याशी असं बोलला नव्हता. ताई चष्मा टेबलावरच विसरून निघाली.

ही ताई शब्दकोशाच्या कचेरीत नावांचा विभाग सांभाळायची. कुठलं नाव कुठून आलं, त्याचा अर्थ काय, पहिल्यांदा ते कुणी कुणाला ठेवलं, हे शोधण्यात तिची निम्मी हयात गेली होती. कुणी नुसतं म्हणावं की अमुक नावाचा अर्थ सूर्य, की ही विचारणार, "कशावरून?" त्यामुळे कचेरीत तिला सगळे पुरावाताई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. नावात नशीब शोधणाऱ्यांची तर ती यथेच्छ टिंगल करायची. "आमच्या साहेबांच्या नावाचा अर्थ सिंहासारखा शूर," ती सांगायची, "आणि झुरळ दिसलं की साहेब खुर्चीवर!"

भावाला मुलगी झाली तेव्हा नाव ताईच शोधणार हे घरात ठरलेलंच होतं. तिने दिलेलं नाव सगळ्यांना एका झटक्यात आवडलं. पहाटे पाण्यावर पडणारा पहिला उजेड, असा त्याचा अर्थ. भावजयीच्या डोळ्यांत तर पाणीच आलं होतं. ते नाव कुठून आलं हे मात्र कुणी विचारलं नाही, आणि ताईनेही सांगितलं नाही. ते एका जुन्या गाण्यातून आलं होतं. गाण्यातली मुलगी खेळता खेळता नदीत उतरते आणि बुडते. त्या गाण्याआधी हे नाव कुणाचंच नव्हतं, गाणाऱ्याने ते त्या पोरीसाठीच घडवलं, हा शोध खुद्द ताईचा. कचेरीत त्याचं केवढं कौतुक झालं होतं! आपण शोधलेलं नाव आपल्या भाचीला, या आनंदात त्या बुडालेल्या पोरीचा विचार तिच्या मनाला शिवलाही नाही. असल्या चुका फक्त हुशार माणसंच करू जाणोत.

आणि काल संध्याकाळी शेजारच्या खाटेवरच्या पोराची आजी सहज बोलून गेली, "अगं बाई, हे तर गाण्यातल्या बुडालेल्या पोरीचं नाव!" म्हातारीच्या मनात काही वाईट नव्हतं. पण ज्या बाईच्या लेकराच्या काळजाला भोक आहे, तिला एवढं पुरे होतं.

ताई पोचली तेव्हा भाऊ खिडकी आणि वॉर्ड यांच्यात येरझाऱ्या घालत होता. खिडकीवरचा कारकून म्हणत होता, नाव बदलायचं तर मनगटावरच्या पट्टीपासून सगळे कागद नव्याने. म्हणजे आजची वेळ दुसऱ्या मुलाला जाणार. आणि डॉक्टरांनी काल स्पष्ट सांगितलं होतं की पुढची वेळ मिळेपर्यंत ही मुलगी कळ काढेल याची खात्री त्यांना देता येत नाही. ओठ निळे पडायला लागलेच होते.

"मी म्हटलं, नंतर बदलू," भाऊ म्हणाला. "तर म्हणते, त्या नावाने मी तिला आत पाठवणार नाही. ताई, ती ऐकेल तर तुझंच."

भावजय खाटेच्या कडेला बसली होती. मांडीवर बटाणी, धाप लागल्यासारखी श्वास घेत, आईच्या गळ्यातल्या साखळीशी खेळत होती. तिला बसता यायला लागलं होतं, नावाने हाक मारली की ती मान वळवायची. आज मात्र आईने सकाळपासून ते नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं.

"ताई, तुम्ही मला काही समजावू नका," ती म्हणाली. "नावाने काही होत नाही, हे मला पाठ आहे. फक्त एक सांगा. ती आजी म्हणते ते खरं का? हे नाव त्या पोरीचंच का?"

दारात परिचारिका ट्रॉली घेऊन उभी होती. ती घड्याळाकडे बघत नव्हती, पण न बघणंही कळत होतं.

"नाही," ताई म्हणाली.

"नाही?"

"आजींचा काहीतरी घोळ झालाय. त्या गाण्यातल्या पोरीचं नाव वेगळंच आहे. आपलं नाव फार जुनं, गाण्याच्या कितीतरी आधीचं. चांगल्या नांदत्या घरांतल्या बायकांचं. नातवंडं-पतवंडं बघितलेल्या."

खोटं बोलायची सवय नसलेलं माणूस खोटं बोलायला लागलं की थांबायचं कुठे ते त्याला कळत नाही. ताई आणखीही काही सांगणार होती. पण भावजयीने तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं, हात पुढे केला आणि म्हणाली, "द्या पेन."

ट्रॉली गेली. आतली दोन्ही दारं एकापाठोपाठ मिटली.

बाहेर बाकावर भावजय भिंतीला डोकं टेकून बसली आणि बघता बघता तिला डुलकी लागली. किती रात्री झोपली नव्हती कोण जाणे. ताईला मात्र बसवेना. काय गंमत आहे बघा, इतकी वर्षं जिने नावांना घाबरणाऱ्यांना मूर्खात काढलं, तीच आता एका नावाला घाबरली होती. भावजयीची भीती जणू सहीबरोबर तिच्या पदरात पडली होती. तिने स्वतःला धारेवर धरलं. अगं बये, हे नाव असलेल्या किती बाया सुखाने म्हाताऱ्या झाल्या असतील! मग पुरावा मागायची सवय आडवी आली. एक तरी सांग बघू. तिला एकही आठवेना. तेवढ्यात भावाने चहाचा कागदी पेला तिच्या हातात दिला, तर न पिताच तिने तो बाकाखाली ठेवला आणि ती पुन्हा मिटलेल्या दारांपाशी जाऊन उभी राहिली.

"ताई, तू घाबरलीस तर मी कुणाकडे बघू?" भाऊ हसायचा प्रयत्न करत म्हणाला. त्याच्याच्याने धड हसवेना. ताईने तोंड दाराकडे फिरवलं. तिला रडू येत होतं आणि ते भावासमोर यायला नको होतं.

ऊन भिंतीवरून उतरून बाकापर्यंत आलं तेव्हा परिचारिका दारात आली. ऑपरेशन नीट झालं होतं. ठोके चांगले होते. भावाने बायकोला हलवून उठवलं.

"पण अजून पुरती शुद्धीवर येत नाहीये," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, ओळखीच्या आवाजाने हाक मारून बघा. दोघींनी या."

आत बटाणी नळ्यांमध्ये एवढीशी दिसत होती. आई वाकली. "सोन्या... माझं बाळ ते... बटाणी, ए बटाणी." काही नाही.

"नावाने मारा हाक," परिचारिका म्हणाली. "रोज मारता तशी."

भावजयीने तोंड उघडलं आणि मिटलं. मग ती बाजूला सरकली. "ताई, तुम्ही."

"मी? अगं, तू आई आहेस."

"माझ्या तोंडून निघत नाही." तिचा आवाज चिरका झाला. "तुम्ही खोटं बोलत होतात हे मला तेव्हाच कळलं. मुलीसाठी बोलताय हेही कळलं, म्हणून सही केली. आता तुम्ही ठेवलेल्या नावाने तुम्हीच तिला बोलवा."

ताई पुढे झाली. त्या नावाबद्दल जगात तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं, आणि त्यातलं एक अक्षर या घटकेला तिच्या कामाचं नव्हतं. तिने पाळण्याची कड धरली आणि नाव घेतलं. बटाणी हलली नाही. तिने पुन्हा घेतलं, मोठ्याने, घरात दुसऱ्या खोलीतून मारावी तशी हाक. मग पुन्हा.

बटाणीच्या कपाळावर आठी पडली. ओठ वाकडे झाले. मग डोळे किलकिले करून तिने मान हाकेकडे वळवली आणि घोगऱ्या आवाजात भोकाड पसरलं. ताईच्या जिवात जीव आला, पण पाळण्याची कड काही तिच्या हातून सुटेना.

"आता खरं सांगा," भावजय मुलीवरची नजर न काढता म्हणाली. "गाण्यातल्या पोरीचं काय होतं?"

"ती परत येत नाही," ताई म्हणाली.

"आमची आली," भावजय म्हणाली, आणि वाकून तिने लेकीला नावाने हाक मारली.