टेबलाच्या पायाखालची फाईल

मी फाईल बोलतेय. आवाज जरा दबका वाटेल, राग मानू नका. बारा वर्षं टेबलाच्या पायाखाली काढली की होतं असं.

माझा जन्म एका मनोरुग्णालयातला. एकोणीस वर्षांच्या एका मुलाला त्याचे वडील तिथे सोडून गेले, त्या सकाळी मला उघडलं आणि पहिल्या पानावर त्याचा फोटो डकवला. मग डॉक्टर आणि नर्सबाई माझ्यात लिहीत राहिल्या. "जेवला नाही." "खिडकीशी उभा होता." "ताई कधी येणार, विचारतो." हे शेवटचं वाक्य इतक्यांदा आलंय की मोजायचं मी सोडून दिलं.

पुढे रुग्णालय बंद पडलं आणि आम्हा सगळ्या फायलींची रवानगी या सरकारी कार्यालयात झाली. इथली फरशी उंचसखल. लोकांच्या अर्जांना उत्तरं देणारे क्लार्क, भाऊसाहेब, त्यांचं टेबल सारखं डुगडुगायचं. त्यांनी ढिगातून मला उचललं, बोटांनी जाडी पाहिली आणि टेबलाच्या पायाखाली सरकवलं. "वा, अगदी मापात!" म्हणाले.

माणूस वाईट नाही हं. कुणावर कधी खेकसले नाहीत. फक्त खुर्चीतून उठायचं म्हटलं की जिवावर येतं. माहितीचा अर्ज आला की मागच्या उत्तराची प्रत काढायची, नाव आणि तारीख बदलायची: "सदर अभिलेख या कार्यालयात आढळून येत नाही." सही, शिक्का, संपलं.

एक दिवस एक आजी अर्ज घेऊन आल्या.

"साहेब, माझा धाकटा भाऊ. वडील सांगायचे, तापाने गेला. स्वतः जाताना मात्र म्हणाले, गेला नाही गं, मी मनोरुग्णालयात ठेवून आलो त्याला. आता तो कुठे आहे, एवढंच सांगा."

"इतक्या वर्षांनी कशाला हवंय हे, आजी?"

"अहो, ताई आहे मी त्याची."

माझं पान न् पान शहारलं. अहो, मी इथेच आहे, खाली बघा! पण फाईलचं कोण ऐकतं? आठ दिवसांनी भाऊसाहेब माझ्या डोक्यावरच बसून लिहीत होते, आढळून येत नाही. एकेक अक्षर टेबलाच्या पायातून माझ्या पाठीत टोचत होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी टेबलाखालून टकटक सुरू झाली. तीन ठोके, मग शांतता, मग परत तीन. भाऊसाहेबांनी खण उपसले, उंदराचा पिंजरा लावला. शप्पथ सांगते, ती टकटक माझी नव्हती. मला हात कुठे आहेत? माझ्यातला फोटो तेवढा अर्धा बाहेर आला होता. त्यातला मुलगा इतकी वर्षं समोर बघायचा. आता तो वर बघत होता, भाऊसाहेबांच्या गुडघ्यांकडे.

भाऊसाहेब खुर्चीवर मांडी घालून बसायला लागले. पाय खाली सोडवेनात त्यांना. तरी वाकून पाहिलं नाही! काय म्हणावं या माणसाला?

चार महिन्यांनी, एका मंगळवारी, टकटक थांबली. "सुटलो बुवा," भाऊसाहेब म्हणाले. मला मात्र धस्स झालं.

मधल्या काळात आजींनी अपील केलं होतं. ते अपील ऐकणाऱ्या नव्या मॅडमपुढे आलं. त्यांनी भाऊसाहेबांना बोलावलं.

"कुठे शोधलंत?"

"आढळलं नाही, मॅडम."

"ते वाचलं मी. कुठे शोधलं, कुणी, कधी? 'नाही' म्हणायचं असेल तर हे आधी लिहावं लागेल. आणि त्यांना कशाला हवंय, हे आपण विचारायचं नसतं. चला, मी येते बरोबर."

दोन दिवस कपाटं, गठ्ठे, माळा, सगळं पालथं घातलं. यादीतल्या एकाच नंबरची फाईल कमी पडत होती. भाऊसाहेबांची नजर आपल्या टेबलाच्या पायाकडे गेली. मग गुडघे टेकून खाली वाकले.

माझ्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं: रुग्ण बरा, घरचं कुणी न आल्याने निवारागृहात हलवला. पत्ता नदीपलीकडचा, याच गावातला. मॅडमनी आजींना बोलावून घेतलं आणि त्यांच्यासमोरच फोन लावला. बराच वेळ नुसतं "हो, हो" म्हणत राहिल्या.

"आजी," त्या फोन ठेवून म्हणाल्या, "ते तिथेच होते. मंगळवारी गेले, सतरा दिवस झाले."

भाऊसाहेबांनी बोटांवर दिवस मोजले आणि टेबलापासून दूर सरकले.

आजी रडल्या नाहीत. "मी पहिल्यांदा आले होते तेव्हा?"

मॅडमनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. याचं उत्तर त्यांनीच द्यायचं होतं.

"होते, आजी," ते कसंबसं म्हणाले. "तेव्हा होते."

आता मी कपाटात असते, नंबर लावलेल्या जागी. ज्यांच्या हाती असे अर्ज येतात, त्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. 'नाही' लिहायच्या आधी आम्हाला एकदा उघडून बघा. या कपाटात माझ्या शेजारी आणखी अडीचशे फायली आहेत, आणि त्यांतली सगळीच माणसं अजून गेलेली नाहीत.