बटणवालीची उपरी सून

केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी अख्खी गल्ली तिला सूनबाईच म्हणायची. नवरा जाऊन वीसेक वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. आई, सासू, आजी यांतलं काही होण्याची सोय देवाने ठेवलीच नाही, तेव्हा उरली ती सूनबाई. आणि सून तरी कोणाची, तर बटणवालीची. बटणवाली म्हणजे नाकावर माशी बसू न देणारी बाई. तिच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस गल्लीत कोणी पाहिला नव्हता.

दुकान अरुंद. भिंतभर लहान लहान खण, आणि प्रत्येक खणाच्या तोंडावर आतल्या मालातलं एक बटण टाचलेलं. शिंपल्याची, शिंगाची, लाकडी, दोन भोकांची, चार भोकांची. गिऱ्हाईक सदरा पुढे करून "अस्संच द्या" म्हणायचं आणि सूनबाईचा हात न बघता बरोबर खणात जायचा. कोपऱ्यात कापडी बटणं दाबायचं हातयंत्र. मागे पडदा, पडद्यामागे खोली, खोलीत म्हातारीची खाट.

ही सून जन्माने इस्राएलची, म्हणजे यहुदी, नव्हती. बटणवालीच्या एकुलत्या एका मुलावर जीव जडला आणि ती या लोकांत यायला निघाली. बाहेरून येणाऱ्याला तीनदा परत पाठवायचं, ही त्यांची जुनी रीत. हट्ट खरा की नुसती हौस, हे कळायला हवं ना! काम खरं तर रब्बींचं, म्हणजे धर्मगुरूंचं. पण बटणवालीचे वडील शास्त्र शिकवणारे, त्यामुळे सगळं शास्त्र आपल्याच माहेरचं, अशी तिची समजूत. तिने हे काम स्वतःच्या अंगावर घेतलं. दोनदा पोरीला दारातूनच हाकलून दिलं. तिसऱ्यांदा ती आली, हात दुखेपर्यंत दार वाजवत राहिली, तेव्हा बटणवालीने दार उघडलं आणि म्हणाली, "ये. पाय पूस." स्वागत ते एवढंच.

पुढे रब्बींनी विधी केला, स्नान झालं, नवं नाव मिळालं. मंडळीच्या लेखी प्रश्न मिटला. बटणवालीच्या लेखी नाही. संध्याकाळी दोघी समोरासमोर बसून पुठ्ठ्यावर डझनाडझनाने बटणं टाचायच्या आणि वाद घालायच्या. सून शास्त्र शिकली ती सासूकडूनच, आणि तेच सासूवर उलटवायची.

"मवाब्याला, त्या परक्या मुलखातल्या माणसाला, दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत घ्यायचं नाही, असं आहे," म्हातारी सुरुवात करायची.

"आणि शास्त्रातलीच ती मवाबी विधवा? सासूला सोडून न गेलेली? राजाची पणजी झाली ती, आई."

"तिची गोष्ट वेगळी."

"उपऱ्याला आणि घरच्याला नियम एकच, हे तर मोशेनेच सांगितलंय."

"ताट एक म्हणून पाहुणा घरचा होतो का गं?"

"बरं, संदेष्टा काय म्हणतो? परक्याने असं म्हणू नये, की देव मला आपल्या लोकांतून वेगळं काढील."

"देव नाही काढणार. मी काढेन!" म्हातारी दातात दोरा तोडत म्हणायची. "शास्त्रात तुला जागा आहे, मी कुठे नाही म्हणते? माझ्या मनात आहे का, ते मला बघू दे."

सुरुवातीला दोघी यावर हसायच्या. नवरा असताना थट्टेची थट्टा होती. तो तापाने गेला आणि थट्टा अंगाला टोचायला लागली. तेव्हा सुनेची थोरली बहीण तिला न्यायला आली होती. "चल घरी. इथे आता तुझं कोण आहे?" तिने स्पष्टच विचारलं. सून गेली नाही. बटणवाली पडद्याआडून सगळं ऐकत होती. बहीण निघून गेल्यावर बाहेर येऊन म्हणाली, "शिंपल्याची बटणं संपत आलीत." इतकी वर्षं एका छपराखाली काढली, पण "तू आमची" हे दोन शब्द काही तिच्या तोंडून निघाले नाहीत. सुनेला ते हवे होते. दुकान नको, भांडीकुंडी नको. म्हातारीने डोळे मिटायच्या आधी एकदा, फक्त एकदा म्हणावं, एवढंच हवं होतं.

आणि म्हातारी विसरायला लागली.

आधी चष्मा विसरली, मग वार, मग मुलाचं मरण. सुनेने तिला ते दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा म्हातारी नव्याने ऊर बडवून रडली. तिसऱ्यांदा सांगायचा धीर सुनेला झाला नाही. मुलगा मालाला गेलाय, असं मग ती सांगायला लागली. शेवटी म्हातारी सुनेलाच विसरली. एका सकाळी अंथरुणात उठून बसत तिने अदबीने विचारलं, "आपण कोण?" आयुष्यभर अगं-तुगं ऐकलेल्या सुनेला ते 'आपण' शिवीपेक्षा जास्त लागलं. पाठ फिरवून तिने डोळे पुसले आणि दूध गरम करायला गेली.

एका संध्याकाळी गिऱ्हाईक नव्हतं. सून खाटेशेजारी बसून रोजची प्रार्थना म्हणत होती. म्हातारी कान देऊन ऐकत होती.

"कोणाची गं तू?" तिने मध्येच विचारलं. "उच्चार तर अगदी माझ्या बाबांचे!"

"इथलीच, आई."

"ते दिसतंच आहे. बाहेरच्यांची जीभ या ओळीवर अडखळते." तिने सुनेचा हात हातात घेतला. "तू आमचीच आहेस."

ज्या शब्दांची आयुष्यभर वाट पाहिली ते आले, आणि आले ते भलत्याच पत्त्यावर. सुनेला हसावं की रडावं कळेना. 'आई, मी तुमची सून,' एवढं म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं, तर हातातला हात सुटला असता. तिने तो हात तसाच धरून ठेवला. तिला दोष देणाऱ्याने आधी तितकी वर्षं उपाशी राहून बघावं.

"घरातली म्हणून तुला सांगते," म्हातारी आवाज खाली आणून म्हणाली. "माझ्या मुलाने एक मुलगी पाहिलीय. परकी. मी दोनदा परत पाठवलं. आज पुन्हा येईल. माझ्याच्याने आता 'नाही' म्हणवणार नाही. तू सांग तिला, जा म्हणावं."

"का, आई? शास्त्रात तर तिला जागा आहे."

"शास्त्र मला नको शिकवूस! जागा आहे, हे मलाही ठाऊक आहे." म्हातारीने हातातला हात आवळला. "मला भीती वाटते गं. अशा मुलींना परतायला घर असतं. उद्या माझ्या मुलाचं काही बरंवाईट झालं, तर ही आपली उठून जाईल. आणि तोवर माझा जीव जडलेला असेल तिच्यावर. मग मी काय करू?"

"ती नाही जाणार, आई."

"तुला गं काय माहीत? जा, सांग तिला."

म्हातारीचं मन राखायचं म्हणून सून उठली. दुकानात गेली, दार उघडलं, लावलं, परत आली.

"गेली?"

"गेली."

म्हातारीचा चेहरा उतरला. "लगेच गेली? काही बोलली नाही? रडली नाही?"

"नाही."

"मला वाटलं होतं, आज हट्ट करेल. उंबऱ्यावरून हलणार नाही." ती पडद्याकडे बघायला लागली. "मी उघडणार होते गं. एकदा नाही म्हणून मग उघडणार होते. गेलीच कशी ती?" आणि ती हमसून हमसून रडायला लागली.

"आई, मी गेले नाही. ही बघा, मी इथेच आहे," सून तिचे खांदे धरून म्हणाली.

"तू कुठे जाशील? तू घरचीच. मी तिचं म्हणतेय!"

सून उठली. अनवाणीच दुकानातून बाहेर पडली, दार ओढून घेतलं, आणि रस्त्यात उभी राहून स्वतःच्याच दारावर थाप मारली. शेजारचे घड्याळवाले दुकान बंद करत होते. ते कुलूप हातात घेऊन थांबले.

"सूनबाई, किल्ली आत राहिली का?"

"नाही."

"मग वाजवताय कोणासाठी? आत उघडायला कोण आहे?"

तिने पुन्हा वाजवलं, अजून जोरात. तळहात लाल झाला तरी वाजवत राहिली. मग पडद्यामागून म्हातारीचा आवाज आला, कित्येक महिन्यांत आला नव्हता इतका खणखणीत.

"अगं, दार वाजतंय! तीच आहे! उघड लवकर, बाहेर उभी नको ठेवूस. आमची आहे ती!"

आता सुनेचं रडू आवरेना. पदराने तोंड पुसून तिने दार ढकललं, काउंटरला वळसा घातला आणि पडदा सारून खाटेसमोर येऊन उभी राहिली.

"आले, आई. मी आले."

म्हातारीने तिच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, सुरकुतलेल्या हातांकडे पाहिलं. मग मान वाकडी करून तिच्या पाठीमागे पाहायला लागली.

"आणि ती कुठाय?"

सून बाजूला सरली, म्हातारीला दार नीट दिसावं म्हणून.