दमयंतीबाईंच्या खिडक्या

उरणच्या त्या आळीत नवऱ्याने बायकोला बडवलं तर त्याला मारहाण म्हणत नसत, संसार म्हणत. तो संसार शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून सासूने उठून खिडक्या लावायच्या, टीव्ही मोठा करायचा. दमयंतीबाईंच्या सासूने हेच केलं. दमयंतीबाईही गेली तीन वर्षं इमानेइतबारे तेच करत होत्या.

रविवारी सकाळी त्या बोंबील साफ करत होत्या. टेबलाशी त्यांची सून, पूर्वी, ॲल्युमिनियमच्या वीतभर डबीचे स्क्रू आवळत होती. ती इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची. विद्यार्थ्यांसोबत बांधलेल्या छोट्या उपग्रहाचा हा नमुना. उद्या त्याची चाचणी होती.

“कसली गो चाचनी?”

“रॉकेट सुटताना भयंकर हादरे बसतात, आई. म्हणून आधी इथंच मशीनवर ठेवून हलवतात.”

“बाईच्या जल्मासारकाच हाय मंग. सोसंल तो टिकंल.”

पूर्वी हसली नाही. “मोजून दोन मिनिटं हलवतात. तडा दिसला की मशीन बंद. सोसतोय म्हणून कुणी हलवत बसत नाही.”

दमयंतीबाईंचा हात डाव्या मनगटाकडे गेला. तीस वर्षांपूर्वी ते मोडलं आणि वाकडंच जुळलं. ‘मोरीत पडले,’ असं त्यांनी तेव्हा डॉक्टरांना सांगितलं होतं.

इतक्यात दमयंतीबाईंचा मुलगा हितेश आला. “उद्या कॉलेज-बिलेज नाय. मावशीकडं साखरपुडा हाय.”

“उद्या चाचणी आहे. मी जाणार.”

एवढंच ती बोलली. त्याने डबी उचलून भिंतीवर आपटली. तारा, पट्ट्या बोंबलांच्या ताटात विखुरल्या. ती वेचायला वाकली, तसं केस धरून त्याने तिचं डोकं ओट्यावर आदळलं. एकदा, पुन्हा एकदा. भुवई फाटून रक्त डोळ्यात उतरलं. मग त्याने कमरेचा पट्टा काढला.

“आई, खिडक्या लाव!”

दमयंतीबाई सवयीने उठल्या. कडीला हात लागला. मागे पट्टा सपकन वाजला आणि पूर्वी किंचाळली. त्यांनी खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली आणि शेजारणीला हाक मारली.

“शालन! धावा गो समद्या! माजा हितेश बायकोला मारतंय! पोलिसांना बोलवा!”

“आई, अब्रू जाईल आपली!” हितेश ओरडला.

त्या मध्ये शिरल्या. पुढचा पट्टा त्याच वाकड्या मनगटावर बसला.

“मार. बापासारकाच मार. पन आता खिडकी उघडी हाय.”

दुपारी पोलीस चौकीत हवालदाराने विचारलं, “सून पडली कशी?”

“ती पडली नाय. माज्या पोरानं मारलं.” दमयंतीबाईंनी त्याच्या वहीकडे बोट दाखवलं. “आनि तीन वरसं खिडक्या मी लावल्या. तेवडं पन लिवा.”